स्वमग्न मुलांचे भावनांचे आकलन आणि चित्रांतून अभिव्यक्ती

स्वमग्न मुले स्वतःच्या व इतरांच्या भावना कशा ओळखतात आणि त्या चित्रांतून कशा व्यक्त करतात, हा बालमानसशास्त्र, विशेष शिक्षण आणि कलोपचार या तीन क्षेत्रांना जोडणारा अभ्यासविषय आहे. स्वमग्नता किंवा ऑटिझम ही मेंदूच्या विकासाशी संबंधित, बालपणापासून असणारी आणि आयुष्यभर राहणारी अवस्था आहे. सामाजिक संवादातील वेगळेपण, ठरावीक कृती किंवा विषयांची ओढ, बदलाचा त्रास आणि आवाज, स्पर्श, प्रकाश इत्यादींची कमी-अधिक संवेदनशीलता ही तिची प्रमुख लक्षणे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती.

स्वमग्न मुलांना भावना नसतात, हा समज चुकीचा आहे. भावना ओळखणे, तिला नाव देणे आणि समोरच्याला कळेल अशा रीतीने ती दाखवणे या तीन वेगवेगळ्या क्रिया आहेत. त्यांपैकी एखादी अवघड असली, तरी मूळ भावना अनुपस्थित आहे असे ठरत नाही. चित्रांच्या बाबतीतही हाच भेद महत्त्वाचा ठरतो: चित्रात हसरा किंवा रडका चेहरा नसणे म्हणजे मुलाच्या मनात काही नसणे नव्हे.

इतिहास

'ऑटिझम' हा शब्द 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वापरात आणला. मराठीतील 'स्वमग्नता' ही संज्ञा त्याच अर्थाला धरून रूढ झाली. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि या मुलांतील मुख्य अडचण 'भावनिक संपर्का'ची असल्याचे मांडले. पुढील वर्षी व्हिएन्नातील हान्स आस्परगर यांनी अशाच स्वरूपाच्या मुलांविषयी लिहिले. कॅनर यांच्या मांडणीमुळे स्वमग्नता आणि भावना यांचा संबंध सुरुवातीपासून चर्चेत राहिला. मात्र त्यातूनच ही मुले भावनाशून्य असतात असा सरसकट समजही पसरला.

मुलांच्या चित्रांचा अभ्यास याहून जुना आहे. लहान मूल डोळ्यांना दिसते ते नव्हे, तर त्याला ठाऊक असते ते काढते, असे निरीक्षण फ्रान्समधील जॉर्ज-आंरी ल्युके यांनी १९२७ मध्ये मांडले. अमेरिकेतील फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये माणसाच्या चित्रावरून बौद्धिक विकास मोजण्याची चाचणी तयार केली. बडोदा येथे प्रमिला फाटक यांनी भारतीय मुलांसाठी अशा चाचणीची श्रेणी विकसित केली. या चाचण्या चित्रातील अवयव व तपशील मोजतात. त्यांचा उद्देश भावना ओळखणे हा नसल्याने त्यांच्या गुणांवरून स्वमग्न मुलाच्या भावविश्वाविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

भावनांचे आकलन

इतरांच्या मनाचा अंदाज

सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी १९८५ मध्ये लंडन येथे 'सॅली-ॲन' या नावाने प्रसिद्ध झालेली चाचणी घेतली. सॅली ही बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. तिच्या पश्चात ॲन ती पेटीत हलवते. सॅली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल, या प्रश्नावर २० पैकी १६ स्वमग्न मुलांनी पेटीकडे बोट दाखवले. दुसऱ्याच्या मनातील समज आपल्यापेक्षा वेगळी असू शकते हे ओळखणे या मुलांना अवघड जाते, असा अर्थ त्यातून काढण्यात आला.

चित्रांच्या संदर्भात याच प्रश्नाचे उत्तर निराळे आले. टोनी चारमन आणि बॅरन-कोहेन यांच्या १९९२ मधील अभ्यासात, चित्र काढून झाल्यावर समोरची वस्तू बदलली तरी चित्रात जुनीच वस्तू राहते, हे स्वमग्न मुलांना समजत असल्याचे दिसले. 'मनात काय आहे' हा प्रश्न ज्यांना चकवतो, त्यांना 'कागदावर काय आहे' हा प्रश्न तितका चकवत नाही. मनातील अदृश्य गोष्ट कागदावर आणून दाखवणाऱ्या अनेक अध्यापनपद्धतींचा आधार हाच आहे.

चेहऱ्यावरील भाव

चेहऱ्यावरून भाव ओळखण्याविषयीच्या अनेक अभ्यासांचे २०१३ मध्ये एकत्रित विश्लेषण करण्यात आले. त्यात स्वमग्न व्यक्तींना सरासरीने ही ओळख कठीण जात असल्याचे आढळले. आनंद ओळखण्यातील अडचण मात्र सर्वांत कमी होती. ॲमी क्लिन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये चित्रपट पाहताना नजर कुठे वळते याची नोंद घेतली. स्वमग्न प्रेक्षकांची नजर पात्रांच्या डोळ्यांपेक्षा तोंड, शरीर आणि भोवतालच्या वस्तूंवर अधिक काळ राहिली. डोळ्यांत पाहणे अनेक स्वमग्न व्यक्तींना असह्य वाटते. त्यामुळे भाव ओळखता न येण्यामागे कधी कधी ते पाहण्याची संधीच न मिळणे हेही कारण असते.

स्वतःच्या भावना

स्वतःला काय वाटते आहे हे ओळखून शब्दांत सांगता न येण्याच्या स्थितीला 'ॲलेक्सिथायमिया' म्हणतात. ही संज्ञा पीटर सिफनिओस यांनी १९७० च्या दशकात रूढ केली. २०१९ मधील एका एकत्रित विश्लेषणानुसार सुमारे निम्म्या स्वमग्न व्यक्तींमध्ये ती आढळते. इतर लोकांत हे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. म्हणजेच भावना सांगण्यातील अडचण ही स्वमग्नतेचा अटळ भाग नसून तिच्यासोबत अनेकदा, पण नेहमी नव्हे, येणारी वेगळी बाब आहे. भूक, तहान, वेदना, हृदयाची धडधड अशा शरीराच्या आतील संवेदना ओळखण्यातील फरकाशी तिचा संबंध जोडला जातो. भीती आणि पोटदुखी यांतील फरक मुलाला सांगता येत नसेल, तर दोन्ही वेळी त्याचे वर्तन सारखेच दिसू शकते.

दुहेरी सहवेदनेचा प्रश्न

स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये असे मांडले की, समजुतीचा अभाव एकतर्फी नसतो. स्वमग्न व्यक्तीला इतरांचे भाव कळत नाहीत, तसेच इतरांनाही तिचे भाव कळत नाहीत. पुढे ब्रिटनमध्ये झालेल्या प्रयोगांत, स्वमग्न व्यक्तींच्या चेहऱ्यावरून त्यांच्या मनःस्थितीचा अंदाज बांधणे इतरांना अवघड गेल्याचे दिसले. चित्र पाहणाऱ्या पालक व शिक्षकांनाही हे लागू होते.

चित्रांची वैशिष्ट्ये

स्वमग्न मुलांच्या चित्रांची एकच ठरावीक शैली नाही. तथापि काही गोष्टी वारंवार नोंदवल्या जातात: एकाच विषयाची पुनरावृत्ती, माणसांपेक्षा वस्तू, वाहने, इमारती, अक्षरे किंवा नकाशे यांना प्राधान्य, आणि एखाद्या भागाचे अतिशय बारकाईने रेखाटन. उटा फ्रिथ यांनी १९८९ मध्ये याचा संबंध समग्रापेक्षा अंशाकडे झुकणाऱ्या आकलनाशी जोडला. लॉरां मोत्रों आणि सहकाऱ्यांनी त्याला उणीव न मानता सूक्ष्म निरीक्षणाची वाढीव क्षमता मानले.

अँथनी ली आणि पीटर हॉब्सन यांच्या २००६ मधील अभ्यासात स्वमग्न मुलांनी काढलेल्या माणसांच्या आकृत्या एकमेकींसारख्या असण्याकडे कल दिसला. घरांच्या चित्रांत तसा फरक आढळला नाही. अडचण हाताची नसून माणसांना परस्परांपासून वेगळे दाखवण्याची होती.

कल्पनाशक्तीविषयीच्या एका वादातून चित्रे वाचण्यातील धोका स्पष्ट होतो. फियोना स्कॉट आणि बॅरन-कोहेन यांनी १९९६ मध्ये मुलांना 'अस्तित्वात नसलेला माणूस' काढण्यास सांगितले. स्वमग्न मुलांना ते जमले नाही, म्हणून त्यांची कल्पनाशक्ती मर्यादित असल्याचा निष्कर्ष निघाला. १९९८ मध्ये हिलरी लीव्हर्स आणि पॉल हॅरिस यांनी तेच काम सोपे करून दिले. अर्धवट चित्र पूर्ण करायचे किंवा रंगवायचे असताना स्वमग्न मुलांनीही अशक्य वस्तू काढल्या. कमतरता कल्पनेची नव्हती, तर कोऱ्या कागदावर संपूर्ण चित्राचे नियोजन करणे अवघड होते.

भावनिक अभिव्यक्तीबाबतही असेच घडले. रिचर्ड जॉली आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मुलांना आनंदी व दुःखी चित्रे काढण्यास सांगितले. स्वमग्न मुलांमध्ये चित्रांतून भाव व्यक्त करण्याच्या क्षमतेची खास उणीव असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

चेहऱ्याविना भाव दाखवणे कलेला नवे नाही. महाराष्ट्रातील वारली चित्रांमधील माणसांना बहुधा नाक-डोळे नसतात. दोन त्रिकोणांचे धड, हातापायांच्या रेषा आणि तारपा वाजवणाऱ्याभोवतीचे वर्तुळ यांतून उत्सव, श्रम किंवा लगबग कळते. स्वमग्न मुलाच्या चित्रातही भाव चेहऱ्याऐवजी अंतर, आकार, दाब, गर्दी किंवा रिकाम्या जागेतून येऊ शकतो. शाळेची मोठी घंटा आणि तिच्यापासून दूर काढलेला लहान ठिपका हे गोंगाटाच्या भीतीचे चित्र असू शकते. ते तसे आहे की नाही, हे मात्र मुलाकडूनच समजून घ्यावे लागते.

असामान्य चित्रकौशल्य

नॉटिंगहॅम येथे १९६७ मध्ये जन्मलेली नादिया चोमिन ही स्वमग्न मुलगी साडेतीन वर्षांच्या सुमारास धावत्या घोड्यांची प्रमाणबद्ध आणि खोली दाखवणारी चित्रे काढू लागली. तेव्हा तिला जवळजवळ बोलता येत नव्हते. मानसशास्त्रज्ञ लॉर्ना सेल्फ यांनी १९७७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. भाषा शिकू लागल्यावर तिचे हे कौशल्य ओसरले. लंडन येथे १९७४ मध्ये जन्मलेले स्टीफन विल्टशायर यांच्याबाबत तसे झाले नाही. बोलू लागल्यानंतरही त्यांची कला वाढत गेली, आणि २००५ मध्ये त्यांनी हेलिकॉप्टरमधून एकदा पाहिलेल्या टोकियो शहराचे विस्तृत चित्र स्मरणातून काढले. त्यामुळे बोलणे आले की चित्र जाते, असा नियम सांगता येत नाही.

अशी उदाहरणे दुर्मीळ आहेत. बहुसंख्य स्वमग्न मुलांचे चित्रकौशल्य त्यांच्या वयाच्या इतर मुलांइतके किंवा त्याहून कमी असते. शिवाय अचूक चित्र आणि भाव व्यक्त करणारे चित्र या निराळ्या गोष्टी आहेत. 'तारे जमीन पर' या २००७ मधील हिंदी चित्रपटातील चित्रे काढणारा मुलगा अनेकदा स्वमग्न समजला जातो. प्रत्यक्षात त्याची अडचण डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातील अक्षमता, ही दाखवली आहे.

मराठी भाषा आणि भावना

मराठीत भावना सांगणारे अनेक वाक्प्रचार शरीराशी जोडलेले आहेत. छातीत धडधडणे, घशाला कोरड पडणे, हातपाय गार पडणे हे वाक्प्रचार प्रत्यक्ष जाणवणाऱ्या संवेदनेचे वर्णन करतात. शरीराच्या बाह्यरेषेत योग्य जागी रंग भरून ते मुलाला दाखवता येतात. याउलट अंगाचा तिळपापड होणे, काळजाचे पाणी होणे, पायाखालची जमीन सरकणे हे वाक्प्रचार लाक्षणिक आहेत. शब्दशः अर्थ घेणाऱ्या मुलाला ते गोंधळात टाकतात, किंवा घाबरवतातही.

राग किंवा भीती यांपेक्षा रुसणे, ओशाळणे, संकोच वाटणे या भावना समजणे अधिक कठीण असते, कारण त्यांत दुसऱ्याच्या अपेक्षेचा अंदाज गृहीत असतो. रुसलेल्याला कोणीतरी समजूत काढावी असे वाटते. ती अपेक्षा न दिसणाऱ्या मुलाला रुसवा म्हणजे केवळ गप्प बसणे वाटते. म्हणून घरात प्रत्यक्ष बोलले जाणारे शब्द घेऊन थोड्या भावनांपासून आरंभ करणे उपयुक्त मानले जाते.

शिक्षण व उपचारातील उपयोग

चित्रसंवाद: अमेरिकेतील शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत घडलेला प्रसंग काड्यांच्या आकृत्यांनी काढतात. बोललेले शब्द एका फुग्यात आणि मनातील विचार दुसऱ्या फुग्यात लिहितात. मुलगा व शिक्षक एकाच कागदाकडे पाहत असल्याने समोरासमोर नजर देण्याचा ताण कमी होतो.

पाच पायऱ्यांची मोजपट्टी: कॅरी डन ब्युरन आणि मिट्झी कर्टिस यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीत भावनेची तीव्रता १ ते ५ अशा पायऱ्यांत दाखवतात. 'राग आला का' यापेक्षा 'कितव्या पायरीवर आहेस' हे सांगणे अनेक मुलांना सोपे जाते.

आवडत्या विषयाचा आधार: ब्रिटनमध्ये तयार झालेल्या 'द ट्रान्सपोर्टर्स' या चित्रमालिकेत गाड्यांना माणसांचे चेहरे देऊन १५ भाग केले आहेत. ४ ते ७ वर्षांच्या स्वमग्न मुलांनी ती चार आठवडे पाहिल्यावर त्यांची भाव ओळखण्याची क्षमता वाढल्याचे २०१० मधील अभ्यासात आढळले. या तत्त्वानुसार ट्रॅक्टर किंवा एसटी बस सतत काढणाऱ्या मुलाला त्यापासून परावृत्त न करता 'ही गाडी आज घाबरली आहे का' असे त्याच चित्रातून विचारता येते.

चित्र-संप्रेषण: बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी चित्रकार्डे वापरतात. मुंबईतील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेले 'जेलो' हे चित्रचिन्हांचे साधन मराठीतही उपलब्ध आहे.

कलोपचाराविषयीचे अभ्यास बहुतांशी लहान गटांवरील किंवा एकेका मुलावरील आहेत. त्यांतून आशादायक निरीक्षणे मिळाली असली, तरी कलोपचाराने स्वमग्नता नाहीशी होते असा पुरावा नाही आणि तो त्याचा हेतूही नाही.

चित्र वाचताना घ्यावयाची काळजी

चित्र हे स्वमग्नतेच्या निदानाचे साधन नाही. भारतात निदान व प्रमाणनासाठी वापरल्या जाणाऱ्या भारतीय स्वमग्नता मूल्यांकन श्रेणीत सहा विभागांत ४० बाबी असून भावनिक प्रतिसाद हा त्यांतील एक विभाग आहे. त्याचे मूल्यमापन वर्तनाचे निरीक्षण आणि पालकांशी चर्चा यांतून केले जाते.

रंगांचे ठरीव अर्थ लावणे चुकीचे ठरते. काळा रंग म्हणजे दुःख हे समीकरण सार्वत्रिक नाही. मुलाने काळा खडू केवळ त्याची रेघ ठळक उमटते म्हणून निवडलेला असतो. परदेशी तक्त्यांत हिरवा शांततेचा रंग असतो, तर महाराष्ट्रात हिरवा चुडा लग्नसमारंभाशी जोडलेला आहे. एकच चित्र पुन्हा पुन्हा काढणे हे अनेकदा स्वतःला शांत करण्याचे साधन असते. ते जबरदस्तीने थांबवल्यास अस्वस्थता वाढू शकते.

चित्र न काढणे म्हणजे भावना नाकारणे नव्हे. ओल्या रंगाचा स्पर्श, पाटीवरील पेन्सिलीचा आवाज किंवा बोटांच्या हालचालीतील अडचण हे त्यामागचे कारण असू शकते. अशा वेळी रांगोळी, चिकटकाम किंवा पोळ्यासाठी करतात तसे मातीचे बैल हे पर्याय देता येतात; मात्र मातीचा स्पर्श नकोसा वाटणारी मुलेही असतात. चित्रांत अचानक मोठा बदल झाला आणि त्यासोबत झोप, आहार वा वर्तन बदलले, तर दातदुखी-पोटदुखीसारखी शारीरिक वेदना आहे का हे आधी तपासणे आवश्यक असते. चित्र मुलाचे असते. त्याच्या संमतीशिवाय ते फलकावर किंवा समाजमाध्यमांवर लावू नये, असा संकेत पाळला जातो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील संदर्भ

अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्यात १४ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ होती आणि तीपैकी सुमारे ८० टक्के ग्रामीण होती. पश्चिमेकडील सह्याद्रीतील अकोले आणि आग्नेयेकडील जामखेड ही जिल्ह्याची दोन टोके असल्याने जिल्हा मुख्यालयी नियमित उपचारासाठी येणे अनेक कुटुंबांना खर्चिक ठरते. नगरजवळील विळद घाट आणि राहाता तालुक्यातील लोणी येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. लोणीचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये सुरू झाले.

गावपातळीवर पहिली तपासणी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांमार्फत होते. ही पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना या कायद्याने नजीकच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील अनेक कुटुंबे ऊसतोडणीच्या हंगामात, साधारणतः दिवाळीनंतर, साखर कारखान्यांच्या परिसरात स्थलांतर करतात. ठरलेल्या दिनक्रमावर अवलंबून असलेल्या स्वमग्न मुलासाठी घर, शाळा, आवाज आणि झोपण्याची जागा एकाच वेळी बदलणे कठीण असते. तपासणी पथकाच्या भेटीच्या वेळी मूल गावात नसेल, तर ओळखही लांबते. अशा स्थितीत गाडी, कोपी, फड आणि परतीचे घर अशी क्रमाने काढलेली चित्रे बदलाची पूर्वकल्पना देऊ शकतात. वही आणि पेन्सिल यांखेरीज त्यासाठी दुसरे साहित्य लागत नाही.

शाळांत चित्रकलेला महत्त्व मिळते ते मुख्यतः कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे त्यांचे स्वरूप आहे. सूक्ष्म निरीक्षण असणाऱ्या काही स्वमग्न विद्यार्थ्यांना त्यात यश मिळू शकते. तथापि परीक्षेतील चित्र अचूकतेसाठी तपासले जाते. मुलाला काय वाटते हे जाणण्यासाठी काढलेल्या चित्राला गुण देता येत नाहीत. ते चित्र मुलाशेजारी बसून, त्याच्या शब्दांत किंवा खुणांत, त्याच्या गतीने समजून घ्यावे लागते.